चळवळीचा टीशर्ट, 22 डॉलर फक्त

गेल्या शनिवारी ब्रुकलिनमधल्या एका जुन्या कपड्यांच्या दुकानात 'ऑक्युपाय ऑल स्ट्रीट्स'चा टीशर्ट हँगरवर लटकलेला बघितला आणि डोकंच फिरलं. 'ऑक्युपाय वॉल स्ट्रीट' या आंदोलनाच्या नावातल्या 'वॉल'च्या डब्ल्यूवर काट मारलेली, 'स्ट्रीट'च्या शेवटी एस चिकटवलेला, कॉलर घामाने पिवळी, आणि किंमत मूळ किमतीपेक्षा जास्त!

आठवतंय ना, 2011? सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या वॉल स्ट्रीटजवळ, म्हणजे बड्या बँकांच्या दारात, झुकोटी पार्कात पोरं ठाण मांडून बसली, 'श्रीमंत ते 1 टक्का, आम्ही उरलेले 99 टक्के' म्हणणारी. नोव्हेंबरात रॅपर जे-झीच्या रोकावेअर या कपड्यांच्या ब्रँडने हा टीशर्ट 22 डॉलरला विकायला काढला, वर आंदोलनाला पैसे द्यायचं आम्ही काही कबूल केलेलं नाही असं सांगून मोकळे. लोकांनी बोंब ठोकली, साइटवरून टीशर्ट काढल्याच्या बातम्या आल्या, आणि 15 नोव्हेंबरला पोलिसांनी पार्क रिकामं केलं. खरी मजा पुढच्या वर्षी, जे-झी साहेब एका मुलाखतीत म्हणाले की हे लोक नक्की कशासाठी लढतायत तेच मला कळत नाही. अरे, मग छापलंस काय? हा माणूस ब्रुकलिनच्याच मार्सी हाउसेसमध्ये, गरिबांच्या सरकारी वस्तीत वाढलाय, त्याच्या श्रीमंतीचा मला अजिबात राग नाही, राग याचा की थंडीत कुडकुडली ती पोरं आणि गल्ला याचा.

पण इथल्या लोकांनी निदान जाब विचारला, हे मानायला हवं.

आपल्याकडे त्याच वर्षी 'मैं अण्णा हूँ'च्या टोप्या विकल्या गेल्या, पण त्या फुटपाथवर, पोटासाठी. त्याची याच्याशी बरोबरी करू नका, प्लीज.

बाबांना फोनवर हे सगळं सांगितलं. मुंबईच्या 82च्या गिरणी संपात गिरणीतून बाहेर पडलेला माणूस. म्हटलं, "बाबा, तुमच्या संपाचा कोणी टीशर्ट काढला असता तर घेतला असता का हो?" म्हणाले, "अरे येड्या, पगार बंद होता, तुझी आई वाण्याकडे उधारीवर तांदूळ आणत होती, टीशर्ट कसला घेतोस!" मग म्हणाले, "आणि विकायला कोण येणार होतं? तेव्हा आमच्याकडे बघत कोण होतं?"

मी अमेरिकेला नावं ठेवायला फोन केला होता, पण अडीच लाख कामगारांचा संप आम्ही टीशर्टवर नाही छापला, आम्ही गिरण्यांचेच मॉल केले. लोअर परळला फिनिक्समध्ये जाऊन बघा, चिमणी अजून उभी आहे आणि खाली ब्रँडेड कपड्यांची दुकानं.

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच की तू स्वतः वॉल स्ट्रीटच्या बँकेत कामाला, तू कशाला बोलतोस. अहो, मी आयटीवाला, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर, नोकरी गेली आणि 60 दिवसांत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळावा लागेल. मी कुठल्या हिशोबाने 1 टक्क्यात बसतो ते सांगा. टीशर्ट घेतला नाही, तेवढं लिहून ठेवतो. साइझही नव्हता म्हणा माझा.