मागच्या बाकावरचे पाहुणे

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असं समितीचं पत्र आलं. सोबत विषयही सुचवला होता, ‘शाळेने मला काय दिले’. लिहायला बसलो तर बाईंशिवाय दुसरं काही सुचेना. बाई म्हणजे कोण, हे आपल्या शाळेत सांगावं लागत नाही. मराठी शिकवणाऱ्या आणखीही बाई होऊन गेल्या, चांगल्याच होत्या, पण नुसतं ‘बाई’ म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा येतो. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये. गणिताच्या सरांचा मी जन्मभर ऋणी आहे, एवढं इथेच लिहून टाकतो आणि पुढे सरकतो.

मी नववी ब मध्ये असतानाची गोष्ट. ब तुकडीचा वर्ग कुठे भरायचा ते तुम्हाला ठाऊकच आहे, रस्त्याकडेला, फाटकाला लागून. मधल्या सुट्टीनंतरचा तास होता आणि बाई समास शिकवत होत्या. बाहेर एक गाडी गचके खात आली आणि फाटकापाशी बंद पडली. बॉनेट उघडल्याचा आवाज, थोडी बोलाचाली, मग शांतता. जरा वेळाने दारात एक गृहस्थ येऊन उभे राहिले. सदऱ्याच्या बाहीला काळं ऑइल लागलेलं, हातात रुमाल. ड्रायव्हर मेकॅनिक शोधायला गेलाय, तोवर सावलीत कुठे टेकता येईल का, असं त्यांनी विचारलं.

तो आवाज ऐकला मात्र, अख्खा वर्ग ताठ बसला. त्या आवाजातली गाणी रेडिओवर ऐकत ऐकतच आम्ही रोज दप्तर भरायचो. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. “याचा बोभाटा करायचा नाही,” असं बाईंनी त्याच दिवशी बजावलं होतं आणि ती ताकीद मागे घेतल्याचं निदान माझ्या तरी कानावर आलेलं नाही. त्या वर्गात जे होते त्यांना नाव ठाऊक आहे, तेवढं पुरे.

बाई म्हणाल्या, “या ना. पाणी तिथे माठात आहे. पण तास चालू आहे, मागे बसावं लागेल.”

त्यांनी दाराबाहेर आमच्या चपलांच्या ढिगाशेजारी आपल्या चपला काढल्या, पाणी प्यायले आणि थेट माझ्या शेजारी येऊन बसले, कारण माझा जोडीदार कांजिण्यांनी घरी होता. बाक आमच्या मापाचा. त्यांचे गुडघे वरच्या फळीला टेकले, तेव्हा ते तिरके झाले आणि पाय बाहेरच्या बाजूला काढून बसले. बाईंनी फळ्याकडे तोंड केलं आणि राहिलेलं उदाहरण पुरं केलं. खडू हातात, आवाज नेहमीचा. बाईंनी त्यांना ओळखलंच नसावं, अशी आमची खात्री झाली.

बहुव्रीही सुरू झाला. पाहुणे माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, “लंबोदर यातच येतो ना रे?” मी काय बोलणार! माझी वाचाच बसली होती. तेवढ्यात बाईंचा आवाज आला. “मागच्या बाकावर कुजबुज नको. शंका असेल तर मोठ्याने विचारावी.”

वर्गात टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. आणि ते गृहस्थ चक्क उठून उभे राहिले. हात मागे बांधून, आम्ही राहायचो तसेच. म्हणाले, “लंबोदर बहुव्रीही का?”

“बरोबर. लंब आहे उदर ज्याचे असा तो, म्हणजे गणपती. बसा.”

ते बसले. तोंडावर हात धरून किती तरी वेळ हसत होते.

मग मुख्याध्यापक धापा टाकत आले, कुणीतरी बातमी पोचवली असणार. साहेब, इथे कुठे बसलात, ऑफिसात चला, पंखा आहे, असं त्यांचं चाललं होतं. पाहुणे म्हणाले, “तास संपू दे. बाई रागावतील.” घंटा झाली तशी सगळ्यांनी वहीचं शेवटचं पान उघडलं आणि दाराकडे धाव घेतली. दारात बाई उभ्या. “त्यांची गाडी बिघडली आहे. ते आपल्याकडे कार्यक्रमाला आलेले नाहीत. त्यांना बसू द्या.” एकालाही सही मिळाली नाही. पुढे मेकॅनिक आला, गाडी सुरू झाली. निघताना त्यांनी बाईंना वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, “बऱ्याच वर्षांनी मला कुणीतरी गप्प बस म्हणालं.” मी दप्तर आवरायच्या मिषाने जवळच रेंगाळत होतो, म्हणून हे मला ऐकू आलं.

एवढा मोठा माणूस दारात आला आणि एक ओळसुद्धा गाऊन घेतली नाही, यावर शिक्षकांच्या खोलीत बरेच दिवस धुसफूस चालली होती म्हणतात. माझ्या वडिलांचंही तेच मत होतं आणि ते शेवटपर्यंत बदललं नाही. बाईंना त्याचं काहीच वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऑफ तासाला बाई आल्या आणि पुस्तक न उघडता टिळकांची गोष्ट सांगू लागल्या. १८९२ च्या सुमाराला टिळक मुंबईहून पुण्याला परतत होते. व्हिक्टोरिया टर्मिनसवर त्यांच्या डब्यात एक तरुण संन्यासी चढला. पोचवायला आलेल्या गुजराती मंडळींनी ओळख करून दिली आणि पुण्यात याची सोय तुमच्याकडे करा, अशी विनंती केली. तो आठ-दहा दिवस टिळकांच्या घरी राहिला. नाव विचारलं तर म्हणे, मी संन्यासी. जवळ एक मृगाजिन, एक-दोन वस्त्रं आणि कमंडलू, पैसा एक नाही. हिराबागेत डेक्कन क्लबच्या बैठकीला टिळक त्याला घेऊन गेले. तिथे तत्त्वज्ञानावरचं एक व्याख्यान झाल्यावर हा उठला आणि अस्खलित इंग्रजीत विषयाची दुसरी बाजू मांडून बसला. मग निघून गेला. १८९३ ची शिकागोची परिषद गाजली, वर्तमानपत्रांत फोटो आले, तेव्हा टिळकांना शंका आली आणि त्यांनी पत्र लिहून विचारलं, आमच्याकडे राहिलेले ते तुम्हीच का? ते विवेकानंदच होते.

त्याच शिकागोच्या वाटेवर, योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ बोटीवर, जमशेटजी टाटाही होते. पाच वर्षांनी, नोव्हेंबर १८९८ मध्ये, टाटांनी स्वामींना पत्र लिहिलं. जपानहून निघालेल्या प्रवासातला तुमचा सोबती तुम्हाला आठवत असेल, अशी त्याची सुरुवात आणि पुढे विज्ञानाच्या संशोधन संस्थेची योजना. बंगळुरूची ती संस्था १९०९ साली उभी राहिली. तोवर दोघेही गेले होते.

“टिळकांनी काय केलं?” बाईंनी विचारलं. “ओळखलं,” पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं. “मुळीच नाही. राहायला जागा दिली. ओळखलं मागाहून.” मग आमच्या चेहऱ्यांकडे बघून म्हणाल्या, “कालचे गृहस्थ कोण होते, ते मला दारातच कळलं होतं.”

थोडं स्वतःबद्दल सांगतो, समितीनेच तसं कळवलं आहे. मी विमानतळावर एका विमान कंपनीत ड्युटी मॅनेजर आहे. सुरुवात झाली ती हरवलेल्या सामानाच्या काउंटरवर. प्रसिद्ध माणसं बघायला लोक कुठे कुठे ताटकळत उभे राहतात, त्यांनी या काउंटरवर यावं. पट्टा फिरून फिरून थांबतो, सगळे आपापल्या बॅगा घेऊन निघून जातात आणि एखादा नट, एखादी खेळाडू, एखादे माजी मंत्री बॅग टॅगचा चिठोरा हातात धरून आमच्यापुढे उभे असतात. फॉर्मवर नाव लिहावं लागतं, म्हणून मी नाव विचारतो, सगळ्यांना विचारतो. काहींचा चेहरा पडतो. आत काय काय आहे तेही सांगावं लागतं. ज्यांच्या दरडावण्याने थिएटर हादरायचं, त्या एका नटांनी मला खालच्या आवाजात सांगितलं होतं, गुडघ्याचे पट्टे, शेकायची पिशवी आणि वाचायचा चष्मा. चष्म्याची फार चिंता होती त्यांना. तो बॅगेत नव्हताच, कपाळावर होता. सांगायचं कसं, या विचारात मी पडलो. शेवटी समोर फॉर्म सरकवला आणि म्हटलं, एकदा वाचून बघा.

हाताखाली येणाऱ्या नव्या मुलांना मी राणी एलिझाबेथचा किस्सा सांगतो. त्यांचे अंगरक्षक राहिलेल्या रिचर्ड ग्रिफिन यांनी तो २०२२ मध्ये मुलाखतीत सांगितला. बाल्मोरलच्या डोंगरात दोघं फिरत होते, समोरून दोन अमेरिकी पर्यटक आले. गप्पा झाल्या. आजीबाई ऐंशीहून जास्त वर्षं इथे येतात म्हटल्यावर एकाने विचारलं, मग तुम्ही राणीला भेटला असालच? राणी म्हणाल्या, मी नाही, पण हे नेहमी भेटतात. त्याने लगेच कॅमेरा राणीच्याच हातात दिला आणि अंगरक्षकाच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला! मग जागा बदलून राणीबरोबरही एक काढला, म्हणजे त्याचा फोटो हुकला नाही. मुलं हसतात. मी म्हणतो, राणी घरी गेल्यावरही हसल्या असतील.

दुसरा किस्सा आमच्यासारख्या ड्युटीवरच्या माणसाचा. चेन्नईत कसोटीच्या वेळी हॉटेलातल्या एका कर्मचाऱ्याने तेंडुलकरला सांगितलं, कोपराचा गार्ड घातला की तुमची बॅट वेगळी फिरते. सचिनने गार्डची रचना बदलून घेतली आणि २०१९ मध्ये त्या माणसाचा शोध घ्या म्हणून जाहीर आवाहन केलं. तो सापडलाही. सही मागून गप्प बसला असता तर सचिनला आठवला असता का?

आता मात्र सही कुणी मागत नाही, मोबाइल वर होतो. सामान मिळालं का, बसायला खुर्ची हवी का, हे विचारायच्या आत फोटो काढून माणूस पसार. मागे शाळेत आलो होतो. नववी ब च्या जागी संगणक कक्ष झाला आहे, खिडक्यांना जाड काचा बसवल्या आहेत. रस्त्यावर गाडी बंद पडली तर आत कळणारसुद्धा नाही. फाटकावर रजिस्टर आहे, नाव, वेळ आणि काम लिहून सही करावी लागते. सुरक्षेसाठी हे लागतं, विमानतळावर नोकरी करणाऱ्याला ते कुणी सांगायला नको. तरी ‘काम’ या रकान्यात मी काय लिहावं, ते मला बराच वेळ सुचलं नाही. आणि तो माठ कुणी काढला?

बाईंशी अजून फोनवर बोलणं होतं. एकदा फार मोठी व्यक्ती काउंटरवर आली होती. शिफ्ट संपल्या संपल्या मी बाईंना फोन लावला, नाव सांगितलं. पलीकडून प्रश्न आला, “बॅग मिळाली का त्यांची?” म्हटलं, मिळाली, दुसऱ्या विमानाने आली. “आणि त्या विमानातल्या बाकीच्यांच्या?”

कार्यक्रमाला मी येतोय, रजा मंजूर झाली आहे. प्रमुख पाहुणे कोण ते पत्रिकेत अजून छापलेलं नाही. कुणीही येवोत, बाईंची खुर्ची पहिल्या रांगेत कडेला ठेवावी. गुडघ्यांमुळे त्यांना रांगेतून सरकत बाहेर पडायला त्रास होतो. आणि माईक चांगला बघून घ्या, मागच्या खेपेला पाहुणे काय बोलले ते कुणालाच ऐकू आलं नव्हतं.