तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी किती वेळा धुता?

‘आठवड्यातून एकदा’ किंवा ‘महिन्यातून दोनदा’ असे ठोकळेबाज उत्तर मी देत आलो असतो, तर हा प्रश्न केव्हाच मिटला असता. तसे उत्तर माझ्यापाशी नाही आणि त्यामुळेच विचारणाऱ्यांचे दोन तट पडले आहेत. एक तट बॉनेटवरच्या धुळीत बोटाने रेघ ओढून दाखवतो आणि इतक्या हौसेने घेतलेली फोर-बाय-फोर अशी कळकट का ठेवता म्हणून विचारतो. दुसरा तट मला होसपाइप घेऊन त्याच गाडीखाली उताणा पडलेला पाहतो आणि उद्या पुन्हा चिखलातच जायचे असताना हा उपद्व्याप कशासाठी, असे विचारतो. दोघांनाही एकदाच सांगून टाकतो.

बॉनेटचे आधी उरकू. सुकी धूळ नुसती बसून राहिली तर रंगाचे फारसे बिघडत नाही. बिघडते ते ती सुक्या फडक्याने पुसल्यावर. धुळीत क्वार्ट्झचे कण असतात, मोहसच्या मापात त्यांची कठीणता 7, म्हणजे काचेहूनही जास्त, आणि फडक्याखाली ते रंगावरच्या पारदर्शक थरावर घासले जातात. भरपूर पाणी हाताशी नसेल तर मी धुळीला हात लावत नाही. काचा, दिवे आणि नंबरप्लेट मात्र रोज पाहतो, कारण तिथे प्रश्न दिसण्याचा नसून सुरक्षिततेचा आहे.

खालच्या बाजूला वेळापत्रक लागू पडत नाही; गाडी कुठून आली यावर सगळे ठरते. कोरड्या मातीच्या वाटेवरून आली असेल तर एअर फिल्टर झटकणे आणि रेडिएटरच्या जाळ्या पाहणे एवढे पुरते. चिकणमातीतून आली असेल तर माती वाळण्याआधी, त्याच दिवशी धुतो. चाकांच्या आतल्या बाजूला गोळा राहिला तर दुसऱ्या दिवशी वेग घेताच स्टिअरिंग थरथरू लागते, आणि ड्रममध्ये शिरलेला गाळ ब्रेकलायनर खात बसतो. समुद्रकिनाऱ्यावरून आली असेल, तर मग कोणी काहीही म्हणो, गोड्या पाण्याने दोनदा. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात, आणि पाणी उडून गेले तरी मागे राहिलेले मीठ हवेतला दमटपणा ओढून घेते. हवेची आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की ते आपोआप ओले होते. डोळ्यांना कोरडा दिसणारा पत्रा अशा वेळी खरोखर कोरडा नसतो.

हे सारे ज्या गाडीने मला शिकवले, ती मी घेतली तेव्हा नुसती चकाकत होती. आधीचे मालक तिला नियमाने फेस लावून धूत आणि पॉलिश करीत, हे त्यांनी अभिमानाने सांगितले होते आणि ते खोटे नव्हते. घेताना खाली पाहिले नव्हते का, असे आता सगळेच विचारतात. पाहिले होते. खाली सगळीकडे ताजा काळा रंग होता आणि टॉर्चच्या उजेडात तो एकसारखा दिसत होता. पुढे एका खडकाळ चढावर मागचे चाक पंक्चर झाले. लीफ स्प्रिंगच्या पुढच्या टोकाजवळ, चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याच्या, पेटीसारख्या पोकळ भागाखाली मी जॅक लावला आणि दांडा फिरवू लागलो. जॅक वर जात होता, गाडी मात्र जात नव्हती. जमीन भुसभुशीत असेल म्हणून खाली वाकून पाहिले, तर जॅक सपाट कातळावर घट्ट उभा होता. आत घुसत होते ते त्याचे वरचे टोक, आणि घुसत होते ते चॅसीत. काळ्या रंगाचा हाताच्या पंजाएवढा पापुद्रा सुटून पडला आणि त्यामागून बारीक माती गळू लागली.

चाक कसेबसे अ‍ॅक्सलखाली जॅक लावून बदलले आणि गाडी जपून गॅरेजपर्यंत आणली. मिस्त्रींनी लहान हातोडी घेऊन चॅसीवर टोकापासून ठोकत यायला सुरुवात केली. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. मागच्या चाकाच्या अलीकडे आवाज एकदम बसका झाला आणि चौथ्या-पाचव्या ठोक्याला हातोडीचे डोके आत गेले. त्यांनी भोक मोठे करून आतली माती मुठी मुठीने बाहेर काढली. वरची माती विटेसारखी कडक होती, आतली हाताला गार आणि ओलसर लागत होती, आणि ती गाडी त्याआधी कित्येक आठवडे चिखलात गेलेली नव्हती. पाणी निघून जाण्यासाठी तळाला ठेवलेली भोके त्या मातीने बुजली होती. गंज बाहेरून आत आला नव्हता. तो आतून बाहेर येत होता, आणि रंगापाशी येऊन थांबला होता. कुजलेला तुकडा कापून नवा जाड पत्रा वेल्डिंग करून बसवला, पण त्यानंतर कोणाच्या चकचकीत गाडीकडे मी निर्मळ मनाने पाहू शकलेलो नाही, हे कबूल करतो.

त्याआधीचा मी धुण्याच्याच विरोधात होतो. पाणी नको तिथे शिरते, असे तो म्हणे, आणि त्याचे म्हणणे मला आजही पूर्णपणे खोडता येत नाही. प्रेशर वॉशरचा झोत हबच्या ऑइल सीलवर किंवा वायरिंगच्या जोडांवर जवळून धरला, तर नदीने केले नसते ते नुकसान तो करतो. लांबून आलेल्या गरम अ‍ॅक्सलवर गार पाणी ओतले की आतली हवा आकसते, आणि ब्रीदर, म्हणजे अ‍ॅक्सलमधली हवा ये-जा करण्याची वाट, बुजलेला असेल तर ती सीलमधून पाणी ओढून घेते. डिफरन्शियलचे, म्हणजे अ‍ॅक्सलमधल्या गिअरच्या पेटीचे, तेल दुधाळ दिसले की पाणी शिरले असे समजावे. म्हणून मी गाडी आधी निवू देतो, झोत लांब ठेवतो, रेडिएटर इंजिनाच्या बाजूने साध्या धारेने धुतो आणि शेवटी निपलमधून ग्रीस भरतो. एवढे करूनही जुना मी म्हणतोच, की धुतलीच नसती तर ग्रीस भरावे लागले नसते.

धुतले की वाचले, असाही माझा दावा नाही. अमेरिकेत टॅकोमा, टुंड्रा आणि सेक्वोया या गाड्यांच्या चॅसी गंजण्यावरून दावा चालला आणि 2016 मध्ये टोयोटाने तडजोड मान्य केली. त्यात बारकाईने धुणारे मालकही असणारच. पोलाद आणि त्यावरचे संरक्षण मुळात कसे आहे, यापुढे होसपाइपचे फार चालत नाही. उलट पश्चिम ऑस्ट्रेलियात चिखल धुण्यामागे गाडीचा विचारच नसतो. तिथे फायटोफ्थोरा नावाचा रोगकारक जीव चाकांच्या मातीतून जंगलात पसरतो आणि झाडे मुळापासून मारतो, म्हणून गाडी स्वच्छ करूनच आत जायचे असते. उद्या पुन्हा चिखलातच जायचे आहे ना, असे विचारणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की उद्याचा चिखल दुसऱ्या ठिकाणचा असतो.

राहता राहिला चॅसीच्या आतला भाग, आणि त्यावर मिस्त्रींचे आणि माझे अजून जमलेले नाही. मी भोकातून लवचीक नळी घालून पाणी स्वच्छ येईपर्यंत आतून धुतो. त्यांच्या मते त्या धारेने माती बाहेर येते तितकीच कोपऱ्यातही सरकते, आणि इतक्या वेळा आत पाणी घालण्यापेक्षा एकदाच गंज रोखणारे मेण भरून मोकळे व्हावे. मला भीती वाटते ती अशी, की कोपऱ्यात ओली माती राहिली असेल तर मेण तिच्यावरच बसेल आणि ओल कायमची कोंडली जाईल. आत बघायला बारीक कॅमेरा घालून पाहिला; सरळ भाग स्वच्छ दिसतो, क्रॉसमेंबरच्या, म्हणजे चॅसीच्या आडव्या तुळईच्या, जोडामागचे दिसत नाही. मेण आणून ठेवले आहे, अजून भरलेले नाही.