मोसंबी आणि मुलुंड-परळ स्लो

आमच्या फ्रिजच्या दारात अंड्यांसाठी जे खड्डे असतात ना, त्यात आमच्याकडे लिंबं बसतात. घरात अंडी येत नाहीत, आईचा नियम, आणि वन बीएचकेमध्ये रिकामा खड्डा बघवत नाही. पण ती जागा लिंबाला वाईटच, उघडं राहिलं की फ्रिजची कोरडी हवा सालीतलं पाणी खेचते नि आठ-दहा दिवसांत लिंबाची सुपारी होते. मग ओट्यावर तळहाताने दाबून लोळवा, कोमट पाण्यात बुडवा, तरी चारच थेंब. २०२२च्या एप्रिलमध्ये एकेक लिंबू १० रुपयांना घ्यायची वेळ आली तेव्हा कुठे घरात अक्कल आली. आता धुतली की फडक्याने कोरडी करायची, घट्ट झाकणाच्या बरणीत भरून फ्रिजमध्ये टाकायची आणि अधूनमधून बरणी हलवून बघायची, कारण एकाला हिरवी भुकटी धरली की शेजारपाजारच्यांची पण वाट. बर्फाच्या ट्रेमध्ये रस गोठवूनही झालाय. वरणात, पोह्यांत खपतो, सरबतात मात्र शिळा लागतो. बायको म्हणते ही माझी नाटकं आहेत.

असो, लिंबू तरी समजूतदार. खरा छळ मोसंबीने केला.

आमच्याकडे कोणी आजारी पडल्याशिवाय मोसंबी येतच नाही. संत्री कशी, थंडीत आली की टीव्हीसमोर बसून सोलायची, साल दाबून भावाच्या डोळ्यात फवारा मारायचा. मोसंबी म्हणजे कोणीतरी ॲडमिट आहे. लिफ्टमध्ये माझ्या हातात ती लाल जाळीची पिशवी दिसली की शेजारच्या काकू विचारणारच, "काय रे, कोणाला काय झालं?"

तीन वर्षांपूर्वी बाबांना झालं होतं. बारा दिवस परळच्या एका हॉस्पिटलमध्ये. डॉक्टर म्हणाले फळांचा रस द्या, झालं, आईने मनावरच घेतलं. पहाटे उठून मिक्सर, बियांसकट फोडी आत, घर्रर्र, गाळणी, चोथा घट्ट पिळून शेवटचा थेंबसुद्धा बाटलीत. बाटली माझ्या सॅकमध्ये, मी मुलुंडहून स्लो लोकल पकडायचो, सॅक पोटावर, घाटकोपरनंतर तर बाटलीला आणि मला एकच श्वास. वर परत पासवाल्या वॉचमनकडे थांबा. बाबांच्या हातात ग्लास जाईपर्यंत दीड-दोन तास सहज. ते डोळे मिटून एका दमात प्यायचे. मला वाटायचं, किती आवडतोय.

सहाव्या दिवशी त्यांना तपासणीला नेलं होतं म्हणून तो रस मीच प्यायलो आणि तोंड असं काही वाकडं झालं. काढा! घरी चाखला तेव्हा साखरेसारखा होता.

मला वाटलं फळंच कच्ची लागली, आणखी ठेवली असती तर पिकली असती. खाली गेटजवळच्या ज्यूसवाल्याला विचारलं तर तो हसला. मोसंबी काय आंबा आहे का अढीत घालायला, झाडावरून तोडली की पिकणं संपलं, नंतर फक्त सुकते. साल हिरवट असली तरी चालेल, पण हातात जड लागली पाहिजे. आणि रस काढला की लगेच प्यायचा, साहेब, ठेवायचा नाही. त्याच्याकडे तो दांडा दाबायचा प्रेस होता, अर्धी मोसंबी ठेवली की रस खाली, बिया जागच्या जागी.

कारण मी नंतर वाचलं. अख्ख्या फळाच्या गरात कडवटपणा नसतोच. गराच्या पापुद्र्यांत एक बिनचवीचा पदार्थ असतो, फोड फाटली की तो आंबट रसात उतरतो आणि हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, जे कडूजहर. थंडीत ही गाडी सावकाश चालते, उकाड्यात भरधाव. बियांत तर हा माल ठासून भरलेला, आणि आई त्या मिक्सरमध्ये फिरवत होती, वर चोथापण पिळून! म्हणजे जितकी माया, तितका कडू. आईला हे सांगायची माझी टाप नव्हती. "मिक्सर आवाज करतो, खालचे ओरडतात" एवढंच म्हणालो.

सातव्या दिवसापासून सॅकमध्ये तीन अख्ख्या मोसंबी, सुरी आणि मध्ये उंचवटा असलेलं प्लास्टिकचं हातज्यूसर. कॉटशेजारी बसून आडव्या कापल्या, हलक्या हाताने फिरवल्या, ग्लास दिला. बाबांनी सवयीने डोळे मिटले, एक घोट घेतला आणि एक डोळा उघडला.

"आज औषध नाही घातलंस?"

"कसलं औषध?"

"मला वाटलं डॉक्टरांनी सांगितलं असेल रसातून द्यायला."

आणि मग तो ग्लास त्यांनी चहासारखा, पुरवून पुरवून प्यायला.