नोव्हेंबरातला योग

२१ जूनला आमच्या शाळेतही योगदिन होतो. पटांगणात सतरंज्या अंथरतो, ताडासन, वृक्षासन होतं, फोटो निघतात आणि लगेच ग्रुपवर जातात. त्यात वाईट काही नाही, पोरं मनापासून करतात. पण जूनमध्ये माझ्या वर्गातल्या मुलांचे आईबाप घरी असतात. मुलांना खरी गरज पडते ती दिवाळीनंतर.

मी बीड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. दिवाळी झाली की मुकादमाकडून, म्हणजे मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ पैसे) घेतलेली जोडपी ट्रॅक्टरमध्ये बिऱ्हाड भरून ऊसतोडीला निघतात. कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवराबायकोच्या जोडीला इकडे 'एक कोयता' म्हणतात. काही लेकरं त्यांच्यासोबत जातात, काही हंगामी वसतिगृहात, काही आजीपाशी राहतात. मागे राहिलेल्यांची तक्रार एकच असते: "बाई, पोट दुखतंय." पहिली दोन वर्षं मी ओवा देत राहिले. मग लक्षात आलं, आदल्या रात्री आईचा फोन येऊन गेला की हे दुखणं हमखास येतं.

तेव्हापासून परिपाठानंतरची दहा मिनिटं मी श्वासासाठी ठेवली. २०२४ पासून पहिली ते आठवीला 'आनंददायी शनिवार' हा सरकारी उपक्रम आलाय, त्यात प्राणायाम-ध्यानाला हक्काची जागा मिळाली याचा मला आनंदच आहे. पण लेकराला रडू काही शनिवार बघून येत नाही.

सुरुवातीला मीही चुकले. "मांडी घाला, डोळे मिटा, गप्प बसा," असं म्हणून भ्रामरी सुरू केली. कानात बोटं, ओठ मिटलेले आणि तीस मुलांचा एकच गुंजारव. मला फार छान वाटत होतं. तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीने कानातली बोटं काढली. तिचे हात थरथरत होते. "बाई, मह्या आत ट्रॅक्टर वाजतोय."

तिची आई पहाटे गेली होती. ही झोपेतून उठून दारात येईपर्यंत नुसता आवाज उरला होता.

त्या दिवशी भ्रामरी तिथेच थांबवली. तिला जवळ घेऊन बसले. आणि तेव्हापासून माझ्या वर्गात डोळे मिटायची सक्ती नाही. ज्याला भीती वाटते त्याने फरशीकडे बघावं, खिडकीतल्या लिंबाकडे बघावं. 'गप्प बसा' हा शब्द तर त्या दहा मिनिटांत मी उच्चारतच नाही. मुलांना शांत वाटावं म्हणून योग आहे, वर्ग शांत ठेवायला नाही. शिक्षा म्हणून सूर्यनमस्कार घालायला लावणाऱ्यांना मी हे हात जोडून सांगते.

आता आम्ही होडीचा श्वास करतो. जुन्या वर्तमानपत्राची होडी करायची, उताणं झोपून बेंबीवर ठेवायची. श्वास घेतला की होडी वर, सोडला की खाली. होडी पडू द्यायची नाही, एवढाच नियम. मग मुलं आपोआप सावकाश श्वास सोडतात, आणि खरी मेख तिथेच आहे: श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरासे मंदावतात, म्हणून सोडणं जितकं लांब तितकं शरीर निवतं. श्वास कोंडून धरायला मी लहान मुलांना कधीच लावत नाही. पोटातला गोळा होडीखाली आहे, हे त्यांचं त्यांनाच कळतं. कुणी सांगतं, "आज होडी लई हालतीय." मग मी त्याच्यापाशी बसते. कधी तो बोलतो, कधी नाही.

सगळ्यांत आवडता खेळ घंटेचा. शाळेची पितळी घंटा एकदाच वाजवायची. आवाज पूर्ण विरला असं वाटलं की हात वर.

त्याच हंगामात ऊसतोडीच्या बाकीच्या टोळ्या गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी पटावर एकतीस आणि हजर एकोणीस. घंटा वाजवली. एकेक हात वर जात गेला. ती ट्रॅक्टरवाली मुलगी मात्र डोळे उघडे ठेवून दाराकडे बघत बसली होती, हात मांडीवरच. सगळी तिच्याकडे बघायला लागली.

"अजून येतोय की, बाई," ती म्हणाली.

आम्ही सगळे थांबलो.