चाकांवरून आलेलं घर
आज ऑफिसातल्या मैत्रिणीच्या ‘मोबाइल होम’मध्ये, म्हणजे चाकांवरून आणून ठेवलेल्या तयार घरात, चहाला गेले होते. खरं सांगते, जाताना डोक्यात पत्र्याचा डबाच होता. आत ऐसपैस ओटा, तीन खोल्या. तिची पाठ वळल्यावर भिंतीवर टकटक करून पाहिलं (हो, पाहिलंच!), आवाज आमच्या भाड्याच्या घरासारखाच. अमेरिकेत १९७६ पासून ही घरं फेडरल नियमांनुसार कारखान्यात बांधतात. खाली पोलादी सांगाडा असतो, पण एकदा टेकलेलं घर सहसा परत हलत नाही. तिची काळजी वेगळीच आहे. घर तिचं, जमीन पार्कवाल्याची, म्हणजे अशा घरांना जागा भाड्याने देणाऱ्याची. जागेचं भाडं वाढलं तर घर उचलून न्यायचं कुठे? आणि लोक विचारतात, “पक्कं घर कधी घेणार?” मीही तेच विचारणार होते. चहाबरोबर गिळलं.