बांधावरचं पीच फुललं

आज पहाटे निफाडला मामांच्या मळ्यात होतो. थंडीने द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवल्या होत्या. मी मात्र बांधाकडे धावलो. तीन वर्षांपूर्वी लावलेल्या 'फ्लोरिडा प्रिन्स' पीचच्या उघड्या काडीवर, एकही पान नसताना, गुलाबी फूल! पाकळीवर दव, आत तांबूस केसर. डोळे भरून आले.

या जातीला फुलायला सात अंशांखालची थंडी साधारण 150 तास पुरते. जर्दाळूला बहुधा याच्या कितीतरी पट लागते, म्हणून तो लडाख-कारगिलचा. तिथे भीती वेगळीच: फुलोरा लवकर येतो आणि उशिराची कडक थंडी एका रात्रीत फुलं करपवते.

मामा म्हणाले, "फळ धरलं तर पहिलं आजीला."

आता रोज फोन करून विचारणार, दुसरी कळी उमलली का?