अकरा बंद

संक्रांत, रात्र

काल रात्री आमच्या कुत्र्याच्या, राजाच्या बाराबंदीची घडी घालताना बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या मोजल्या. बारा हवेत, अकरा भरले. पुन्हा मोजले. अकराच.

तेव्हापासून डोक्यात एकच घोळतंय. तो तर गप्प उभा होता.

दोन रात्री जागून शिवली होती. आप्पांच्या धोतराचं मऊ कापड. त्याबद्दल आत्ता नको. गळ्याशी आणि काखेत दोन बोटं जातील इतकी सैल ठेवली, पोटाखाली कापड घेतलंच नाही. फेटाही केला नाही, कान दाबले जातील म्हणून. आई म्हणाली होती, "मानाचा पोशाख आहे गं तो, कुत्र्याला कशाला घालायलीस?" पण सिद्धेश्वरांच्या यात्रेत भोगीला सातही नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, लग्नाच्या अक्षतांसाठी संमती कट्ट्याकडे निघतात, रस्ताभर बाराबंद्याच बाराबंद्या दिसतात. घरातून त्या गर्दीत जाणारं यंदा कुणीच नव्हतं.

दहा मिनिटं घालून काढायची ठरवली होती. गच्चीत शेजारचे सगळे फोटोला आले आणि अर्धा तास गेला. जानेवारी असली तरी सोलापूरचं दुपारचं ऊन ते ऊनच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग निववतो. हे मला माहीत होतं, म्हणून पाण्याचं भांडंही ठेवलं होतं. "किती गुणी आहे, हलतसुद्धा नाही," सगळे म्हणत होते. मला फार बरं वाटलं.

बंद सापडेना, गिळला की काय म्हणून डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, तोंडातून किंवा मागून दोरा दिसला तरी ओढायचा नाही, आतडं चिरतं. उलटी झाली किंवा जेवण सोडलं तर लगेच घेऊन या. मग विचारलं, "घातल्यावर काय करत होता?"

"काही नाही. शांत उभा होता."

"आणि शेपूट?"

फोटो उघडले. शेपूट पोटाशी. कान मागे. डोळ्यांच्या कडेला पांढरं दिसतंय, चार फोटोंत जीभ ओठांवर. भीतीनं थिजला होता तो.

मग मला रडूच आलं. एवढं सगळं मी एकटीनं केलं, कुणी एक शब्द सांगितला नाही, आणि आता चूकही माझीच. रात्रभर उठून त्याच्या पोटावर हात ठेवत राहिले. तो गप्प होता. तेच तर.

सकाळी दिवाणाखाली बंद मिळाला. चघळलेला, वाळून कडक झालेला, पण अख्खा. दुसऱ्या बंदाशी लावून पाहिला, लांबी तेवढीच. मी तिथंच खाली बसले. म्हणजे त्यानं दातानं ओढून काढला होता. मी तिळगुळाचा डबा आणायला गेले तेव्हाच असणार. सांगत होता की तो. मीच अंगाकडे न बघता नुसतं गप्प राहणं बघितलं.

बंद परत शिवला नाही. बाराबंदी धुऊन आप्पांच्या कपाटात ठेवली.

उद्या किंक्रांत, होम मैदानावर यात्रेचं शोभेचं दारूकाम. अंधाराआधी त्याला फिरवून आणायचं, मग आतली खोली, खिडकीला जाड चादर, पंखा मोठा. मी दारूकामाला जाणार नाही, त्याच्याजवळ बसणार. आईला सांगितलंय.

आत्ता तो फरशीवर आडवा पसरलाय. आताही गप्पच. पण शेपूट सैल आहे, दोनदा उठून बघून आले.